बोट अडकतं पेरात, दुखणं असतं तळहातात

प्रश्न : माझ्या सासूबाई तरुणपणापासून विड्या वळतात. दिवाळीपासून उजव्या हाताची अनामिका सकाळी मिटलेलीच राहते. दुसऱ्या हाताने सरळ केली की खटकन सुटते. मधल्या पेराला तेल चोळलं, शेक दिला, फरक नाही. त्यांना शुगर आहे. हा संधिवात असेल का?
– एक सून, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून हा संधिवात वाटत नाही. याला ट्रिगर फिंगर म्हणतात. खटका मधल्या पेरात जाणवतो म्हणून सगळे तिथेच तेल जिरवतात, पण दुखण्याची जागा वेगळी आहे.

डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटं मिटून उघडा. हाताखाली मांस हलताना लागेल. बोटात स्नायू नसतातच. जोर लावणारे स्नायू कोपराखाली, नाजूक हालचालींचे तळहातात. बोटात असतात तीन हाडं (अंगठ्यात दोनच), त्यांचे सांधे आणि स्नायूंपासून आलेल्या कंडरा, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणाऱ्या दोऱ्या. बोट मिटवणाऱ्या कंडरा दोन. एक मधल्या पेराच्या हाडाला चिकटते, दुसरी तिच्यामधून पुढे शेंड्यापर्यंत जाते. या कंडरा हाडापासून सुटू नयेत म्हणून वाटेत अंगठीसारखी कडी असतात. पहिलं कडं बोटाच्या मुळाशी, तळहातात. तिथे कंडरा जाड झाली की मागाच्या फणीत सुताची गाठ अडकावी तसं होतं. मिटवणारे स्नायू ताकदीचे, ते गाठ ओढून नेतात. उघडणारे त्यामानाने कमजोर, म्हणून बोट मिटतं पण उघडत नाही.

सासूबाईंच्या तळहातावर, अनामिकेच्या मुळाशी, तुमचा अंगठा हलकेच दाबून ठेवा आणि त्यांना बोट हलवायला सांगा. बारीक गोळी पुढेमागे सरकताना लागेल, तिथे दुखेलही.

मधुमेहात हा त्रास जास्त दिसतो. त्यात पान कातरणं, वळणं, टोक दुमडणं, दिवसभर चिमटीचा जोर. मजुरी विड्यांच्या मोजणीवर मिळते, तेव्हा ‘काम बंद करा’ असं मी लिहिणार नाही. पण मधूनमधून विड्यांचं सूप खाली ठेवून हात सैल सोडू द्या. बोट झटक्याने ओढू नका. रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी बांधा. एवढ्यावर भागलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. तळहातातल्या एका इंजेक्शनने पुष्कळांना आराम पडतो. त्यात स्टेरॉइड असतं, साखर काही दिवस वाढते, म्हणून शुगर आहे हे आधी सांगा. तरीही अडकत राहिलं तर तेवढीच जागा बधिर करून ते कडं मोकळं करतात. लहान ऑपरेशन आहे, घाबरू नका.

प्रश्न : मी पॉवरलूमवर उभ्याने काम करतो. चालताना टाच उचलली की पायाच्या अंगठ्याचं मूळ दुखतं. तो वर वळतही नाही.
– एक कामगार, सोलापूर

उत्तर : टाच उचलताना अंगठा मुळातून वर वळावा लागतो, शरीराचा भार त्याच सांध्यावरून पुढे जातो. तो सांधा झिजला की आखडतो. एक्स-रे काढा. तोवर मऊ, वाकणारी चप्पल सोडून कडक तळव्याचे बूट वापरा. अंगठा एका रात्रीत लालबुंद, गरम झाला असेल तर मात्र आधी युरिक अ‍ॅसिड तपासा, ते दुखणं निराळं.