सायकलवर कॅमेरा न्यायचाय? आधी बॅग बघ

कॅरिअरवर कॅमेरा बांधू नकोस, हे पहिलं. संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटरच, पण वाटेतला प्रत्येक खड्डा मागच्या चाकातून थेट लेन्सपर्यंत पोचतो आणि तिचे बारीक स्क्रू ढिले होतात. माझी एक लेन्स अशीच गेली, अजून हळहळ वाटते. कॅमेरा अंगावरच हवा. बरेच धक्के आपलं शरीर झेलतं.

एक बॉडी, दोन लेन्स एवढंच असेल तर खांद्यावरून तिरकी घालायची छोटी बॅग घे. मात्र तिला कमरेभोवती आवळायचा दुसरा पट्टा हवाच. नाहीतर दौलताबादचा घाट चढताना उभं राहून पॅडल मारलंस की बॅग गर्रकन पुढे येते आणि तोल जातो. दुकानातच सामान भरून, वाकून बघ.

पाठीवरची मोठी सॅक आपल्या उन्हात मला पटत नाही. पाठ घामानं भिजते, ओल आत झिरपते. जायकवाडीला पक्ष्यांसाठी लांब लेन्स न्यायचीच असेल, तर पाठीकडे जाळी असलेली घे.

पाण्याची बाटली कॅमेऱ्याच्या कप्प्यात कधीच नको. ट्रायपॉड, पंप, पाने मात्र खुशाल कॅरिअरवर टाक.