हात कुठून कुठे जातो ते बघ

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. इन्फेक्शन कंट्रोलचं, म्हणजे रुग्णालयातले संसर्ग रोखण्याच्या कामाचं रजिस्टर सगळ्यात नव्या पोरीच्या गळ्यात मारतात, असं तू लिहिलंस. खरं आहे. माझ्याही गळ्यात ते असंच पडलं होतं, आणि पुढे त्यातच माझी अकरा वर्षं गेली. हात धुण्याचा तक्ता घेऊन तू आयसीयूत उभी राहिलीस तेव्हा दोन सीनियर हसल्या, आणि एक सर म्हणाले, "आता हेही शिकायचं का?" वाईट वाटून घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. वाटू दे. पण तक्ता खाली ठेवू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ सालचा हिशेब आहे. आपल्यासारख्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी १५ जणांना तिथेच एखादा नवा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत ७ जणांना. म्हणजे वीस खाटांच्या वॉर्डात तिघे. ते तिघे आपल्याकडे बरं व्हायला आले होते, हे लक्षात ठेवलंस की हसणाऱ्यांना काय सांगायचं ते तुला आपोआप सुचेल.

पहिले आठ दिवस रजिस्टरमध्ये काही लिहू नकोस. नुसती उभी राहा आणि एका माणसाच्या हातांकडे बघ. हात कुठून निघाला, कुठे गेला, मध्ये काय काय शिवला. तीन नंबरच्या खाटेची युरोबॅग, म्हणजे लघवी साठायची पिशवी, सिस्टर रिकामी करते. ग्लोव्हज घातलेले आहेत. तेवढ्यात चार नंबरचा औषध सोडणारा पंप वाजायला लागतो. ती तशीच वळते, पंप बंद करते, सलाईनची चकती फिरवते, केसपेपर उघडते, पेन घेते. या बाईने आळस केलेला नाही. उलट ती दोघींचं काम एकटी करते आहे. ग्लोव्हजनी तिचे हात जपले, पण तीन नंबरचे जंतू चार नंबरच्या नळीवर जाऊन बसले, आणि पेनवरून संध्याकाळी तिच्या घरी जातील. ग्लोव्हज घातले म्हणजे हात स्वच्छ, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलाय. ग्लोव्हज एका रुग्णाच्या एका कामापुरते. काम संपलं की काढायचे, आणि काढल्यावरही हात स्वच्छ करायचे.

भिंतीवर ते पाच क्षणांचं पोस्टर असेलच. रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या खाटेला, लॉकरला, पंपाला हात लागल्यावर. तू मोजायला लागलीस की दिसेल, काम झाल्यावर बहुतेक जण हात धुतात, कारण तिथे स्वतःची भीती असते. गळतो तो पहिला क्षण, रुग्णाला हात लावण्याआधीचा. तो धुतलेला हात फक्त रुग्णासाठी असतो. आणि गळतो तो पाचवा, कारण खाटेचा दांडा कोणाला घाण वाटत नाही.

हँडरब, म्हणजे हातावर चोळायचं स्पिरिटचं औषध, घ्यायचं तर दोन्ही हात पूर्ण भिजतील इतकं घे, आणि वीस ते तीस सेकंद चोळ. अंगठे आणि बोटांची टोकं सगळ्यात जास्त सुटतात, आणि रुग्णाला आपण शिवतो ते त्यांनीच. हात दिसायलाच मळले असतील किंवा जुलाबाचा रुग्ण असेल तर मात्र साबण-पाणीच, चाळीस ते साठ सेकंद. जुलाबाच्या काही जंतूंचे बीजाणू स्पिरिटने मरत नाहीत. आणि बेसिनपाशी खिळ्याला नॅपकिन टांगलेला आहे का ते बघ. असेल तर आजच काढ. सकाळपासून दहा जणांनी हात पुसलेला ओला नॅपकिन ही धुतलेले हात पुन्हा मळवायची सोय आहे.

बांगड्यांचं विचारलंस. अंगठीखाली आणि बांगड्यांच्या आत साबण नीट पोचत नाही, त्यामुळे बोटांपासून कोपरापर्यंत काही नको, घड्याळही नको. माझं नवं लग्न झालेलं असताना ड्युटीला निघताना हिरव्या बांगड्या काढलेल्या सासूबाईंना बघवत नसत. वाद मी घातला नाही. एकदा एवढंच विचारलं, की बाळंतिणीच्या खोलीत बाहेरून आलेल्या माणसाला हातपाय धुतल्याशिवाय तुम्ही आत सोडता का? त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी देवघराशेजारी एक डबी ठेवलेली दिसली, बांगड्यांसाठी. तुझ्या घरीही अशी एखादी वाट निघेल.

आता जे मी वर्गात कधी सांगितलं नाही ते तुला सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी नवजात बालकांच्या कक्षात होते. एका आठवड्यात तीन बाळं मलूल झाली. दूध पिईनात, अंग गार पडायला लागलं. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, तिघांनाही क्लेबसिएला नावाचा जंतू. आम्ही काय केलं? कक्ष रिकामा करून फ्युमिगेशन केलं, म्हणजे जंतुनाशकाचा धूर सोडला, भिंतींचे स्वॅब घेतले, फरशी पुसणाऱ्या मावशींना सगळ्यांसमोर बोललो. मग मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टर मॅडम आल्या. तासभर कोपऱ्यात उभ्या राहिल्या, अवाक्षर बोलल्या नाहीत. शेवटी औषधांच्या ट्रॉलीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ही बाटली कधी उघडली?" सलाईनची बाटली होती ती. बुचात सुई टोचून ठेवलेली. प्रत्येक बाळाचं इंट्राकॅथ, म्हणजे शिरेतली बारीक नळी, फ्लश करायला, म्हणजे सलाईन सोडून मोकळी ठेवायला, सगळ्या तिच्यातूनच ओढत होत्या. कधी उघडली ते एकीलाही सांगता आलं नाही. त्या बाटलीतल्या सलाईनमध्येही तोच जंतू वाढला.

दोन बाळं वाचली. एक गेलं. त्या आठवड्यात बाटलीतून सलाईन ओढणाऱ्यांत मीही होते. त्या बाळाची आई डिस्चार्जच्या दिवशी माझ्या पाया पडायला वाकली, तुम्ही खूप केलंत म्हणाली. ते मला अजून सहन होत नाही.

म्हणून तुझ्या वॉर्डात बुचात सुई टोचलेली बाटली दिसली तर ती कोणाची, किती महाग, काही न विचारता टाकून दे. फ्लश करायला छोटे अँप्यूल मिळतात, एका रुग्णाला एक. अनेक डोसची व्हायल वापरावीच लागली तर उघडल्याची तारीख आणि वेळ तिच्यावर लिही, दर वेळी बूच स्पिरिटने पुसून वाळू दे, दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज. फ्युमिगेशनबद्दल माझं मत पक्कं झालंय. धूर दिसतो, वास येतो, काहीतरी मोठं केल्याचं समाधान मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच हात त्याच ट्रॉलीवर असतात. तेवढा वेळ आणि पैसा खाटेचे दांडे, पंपाची बटणं आणि दाराच्या मुठी रोज पुसण्यात घाल. झाडू आयसीयूत आणू देऊ नकोस, कोरडी धूळ उडते. ओला पोछाच.

नळ्यांचं थोडक्यात लिहिते, कारण ते तू शिकून आली आहेस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर. इंट्राकॅथच्या तोंडाला औषध जोडण्याआधी पंधरा सेकंद घासून पुसायचं आणि वाळू द्यायचं. युरोबॅग मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. आणि रुग्ण एक्स-रेला नेताना लक्ष ठेव. वॉर्डबॉय मामा सोयीसाठी युरोबॅग उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवतात आणि बॅगेतली लघवी उलटी आत जाते. ओरडू नकोस, स्ट्रेचरला अडकवायचा हूक दाखव. हूक नसेल तर करवून घे. तू लिहिलेल्या त्या चार नंबरच्या आजी शुद्धीवर आहेत, उठून बसतात, तरी नवव्या दिवशी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आहेच. का आहे? कोणी विचारलं नाही म्हणून. उद्या राउंडला सरांना विचार, "सर, आजींचा कॅथेटर आज कशासाठी ठेवायचाय?" नळी जितके दिवस आत, तितका संसर्गाचा धोका वाढत जातो. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

सुईचं मात्र सविस्तर. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नकोस, घाई असो वा नसो. हब कटर, म्हणजे सुई कापायचं यंत्र, खाटेपाशी ने, सुई हातात घेऊन वॉर्डभर फिरू नकोस. टोचलीच तर साबण-पाण्याने धू, पिळून रक्त काढू नकोस, बोट तोंडात घालू नकोस, आणि त्याच वेळी सांग. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यायची. लाजेने दोन दिवस गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्यात. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईने लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. पण लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी लागण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. तुझे तीन डोस झालेत का? तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासलीस का? नसशील तर हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं ते काम कर.

आणि मावशींचं, मामांचं काय? लाल पिशवीत चुकून गेलेली सुई टोचते ती पिशवी उचलणाऱ्याला. सुया पांढऱ्या डब्यात, सलाईनचे सेट आणि सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस-पट्ट्या पिवळ्या पिशवीत, काच निळ्या डब्यात. २०१६ पासून नियम हाच आहे. आपण डॉक्टर-नर्स तो चुकवतो आणि भोगते कंत्राटावरची बाई, जिला कोणी लस दिलेली नसते. माझ्या वॉर्डात मावशींना लस मिळायला मला सात महिने कागद हलवावे लागले. त्या सात महिन्यांचा मला आतापर्यंतच्या कुठल्याही सत्कारापेक्षा जास्त अभिमान आहे. तू ते सुरुवातीलाच कर.

टीबीच्या रुग्णाची भीती वाटते, हे तू अगदी शेवटी, बारीक अक्षरात लिहिलंस. त्यात लपवण्यासारखं काय आहे? एन-९५ तुझ्या तोंडावर, साधा सर्जिकल मास्क रुग्णाच्या. उलटं झालं तर काही कामाचं नाही. कडेने हवा गळत नाही ना ते दर वेळी बघ. खिडक्या समोरासमोरच्या उघड्या ठेव, थंडीत नातेवाईक बंद करतील, पुन्हा उघड. आपल्याकडे सेवा म्हटलं की सावित्रीबाईंचं नाव येतं, आणि यायलाच हवं. १८९७ च्या प्लेगात त्यांनी एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या, म्हणजे त्यांच्या डॉक्टर मुलाच्या, दवाखान्यात आणलं, आणि १० मार्चला त्याच प्लेगने त्या गेल्या. पण प्लेग पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवलं ते पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये. सावित्रीबाईंच्या हाती ते ज्ञान नव्हतं. तुझ्या हाती आहे. तू आजारी पडलीस तर ती सेवा झाली असं मी मुळीच मानणार नाही. मास्क संपलेत म्हणून कोणी तसंच आत जायला सांगितलं, तर नाही म्हण आणि माझं नाव सांग.

नातेवाईकांशी गोड बोल. कोणी आयसीयूत आईच्या कपाळाला अंगारा लावायला येतं, त्याला हाकलू नकोस. आधी हातावर हँडरब दे, अंगारा उशाशी पुडीत ठेवू दे. तेही हात धुतात, फक्त कोणीतरी आधी सांगावं लागतं.

सीनियरांचं काय करायचं? आधी बघ, हँडरबची बाटली कुठे आहे. वॉर्डाच्या दारात असेल तर वीस पावलं चालून कोणी जाणार नाही, तूही जाणार नाहीस. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी अडकवून घे. नळाला दुपारी पाणी नसतं, असं तू लिहिलंस. मग आधी पाण्यासाठी भांड, मेट्रनकडे लेखी दे, प्रत ठेव. या दोन गोष्टी होईपर्यंत तक्त्यात कोणाच्याही नावापुढे फुली मारू नकोस. त्यानंतर राउंडच्या वेळी सरांच्या डाव्या बाजूला बाटली घेऊन उभी राहा. खाटेकडे वळले की पुढे धर. "सर, हँडरब." एवढंच. चेहरा साधा ठेव. पहिले चार दिवस ते तुझ्याकडे बघतील. पाचव्या दिवशी न बघता हात पुढे करतील. मी तीन युनिटांत हेच केलं, आणि एकाच सरांनी शेवटपर्यंत हात मागे घेतला.

रजिस्टर कसं भरायचं ते पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन, त्याची घाई नाही. आजींचा कॅथेटर निघाला की त्याच दिवशी फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
सिस्टर