शंका-समाधान : नव्या डिस्कवर सगळ्या फाइली आहेत, तरी सोलारिस सुरू का होत नाही?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सन अल्ट्रा ५ हे वर्कस्टेशन सोलारिस ८ या कार्यप्रणालीवर (ऑपरेटिंग सिस्टिमवर) चालते. जुनी डिस्क आवाज करू लागल्यामुळे तिच्यावरील फाइल सिस्टिम ‘यूएफएसडंप’ (प्रत काढणारी आज्ञा) व ‘यूएफएसरिस्टोर’ (ती प्रत उतरवणारी आज्ञा) यांच्या साहाय्याने नव्या डिस्कवर उतरवल्या आणि नवी डिस्क जुन्या डिस्कच्या जागी जोडली. आता ‘द फाइल जस्ट लोडेड डज नॉट अपिअर टू बी एक्झिक्युटेबल’ असा संदेश येतो आणि यंत्र ‘ओके’ या खुणेपाशी आज्ञेची वाट पाहत थांबते. डिस्क पुन्हा फॉरमॅट करावी का? शिवाय स्लाइस (डिस्कचा विभाग) क्रमांक २ संपूर्ण डिस्कएवढी दिसते. ती जागा वापरता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : फॉरमॅट मुळीच करू नये, आपला डेटा बहुधा सुखरूप आहे. डिस्क सापडलीच नसती तर ओपनबूटने (यंत्र सुरू होताना प्रथम चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमने) बूट डिव्हाइस उघडता येत नाही असे सांगितले असते, आणि लेबल (स्लाइसचा तक्ता असलेली डिस्कवरील नोंद) बिघडले असते तर त्यातील ‘मॅजिक नंबर’ (ओळखीची ठरावीक संख्या) चुकीचा असल्याची तक्रार केली असती. आपल्याला आलेल्या संदेशाचा अर्थ असा, की डिस्क दिसली, लेबल वाचले गेले, मात्र बूटब्लॉकच्या (सोलारिस सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) जागी चालवण्याजोगा प्रोग्रॅम मिळाला नाही.

याचे कारण डिस्कच्या रचनेत आहे. अल्ट्रा ५ सारख्या स्पार्क प्रोसेसरच्या यंत्रांवर पहिल्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या सेक्टरमध्ये लेबल असते, त्यापुढील १ ते १५ या सेक्टरांमध्ये बूटब्लॉक असतो आणि फाइल सिस्टिमचा सुपरब्लॉक (तिच्या रचनेची मूळ नोंद) त्यानंतर, १६ व्या सेक्टरपासून सुरू होतो. ‘यूएफएसडंप’ केवळ फाइल सिस्टिममधील फाइली उचलतो. बूटब्लॉक ही फाइल सिस्टिमबाहेरची वस्तू असल्याने ती त्याच्या हाती लागत नाही, आणि नवी फाइल सिस्टिम तयार करणारी ‘न्यूएफएस’ ही आज्ञाही ती लिहीत नाही. सोलारिसच्या दस्तऐवजांत हे नमूद आहे, तरी डिस्क बदलताना नेमकी हीच पायरी राहून जाते.

सोलारिस ८ ची सीडी घालून ‘ओके’पाशी ‘बूट सीडीरॉम’ ही आज्ञा ‘-एस’ या पर्यायासह द्यावी. एकल-वापरकर्ता अवस्थेत आल्यावर प्रथम रूट स्लाइसवर ‘एफएससीके’ (फाइल सिस्टिम तपासणारा प्रोग्रॅम) चालवावा. सुपरब्लॉकबद्दल तक्रार आल्यास ३२ व्या सेक्टरवरील राखीव प्रत वापरण्यास त्याला सांगता येते. नंतर ती स्लाइस ‘/ए’ येथे माउंट करून (म्हणजे जोडून) ‘इन्स्टॉलबूट’ ही आज्ञा द्यावी. तिला दोन गोष्टी लागतात : आपल्या यंत्राच्या प्लॅटफॉर्म डिरेक्टरीतील यूएफएसची (येथील फाइल सिस्टिमच्या प्रकाराची) बूटब्लॉक फाइल, आणि स्लाइसचे नाव. हे नाव ‘डीएसके’मधील नव्हे, तर डिस्क थेट, कच्च्या स्वरूपात हाताळणाऱ्या ‘आरडीएसके’मधील द्यायचे. बूटब्लॉक शक्यतो माउंट केलेल्या डिस्कवरचाच घ्यावा, म्हणजे आवृत्ती जुळते.

यंत्र बंद करण्यापूर्वी ‘/ए’खालील ‘व्हीएफएसटॅब’ (कोणती स्लाइस कोठे माउंट करायची याची यादी) अवश्य तपासावा. नव्या डिस्कवर स्लाइसचे क्रमांक बदलले असतील आणि या फाइलमध्ये जुनेच राहिले असतील, तर कर्नल सुरू होईल, पण पुढील फाइल सिस्टिम तपासताना यंत्र देखभाल अवस्थेत अडकेल आणि बूटब्लॉकची दुरुस्ती फसली असा गैरसमज होईल.

स्लाइस २ ही मोकळी जागा नाही. संपूर्ण डिस्कचा निर्देश करण्यासाठी ती परंपरेने राखून ठेवलेली असते आणि बाकीच्या स्लाइस तिच्याच पोटात असतात. तिच्यावर ‘न्यूएफएस’ चालवल्यास इतर फाइल सिस्टिम नष्ट होतील. असाच धोका डेटाबेसला कच्ची (फाइल सिस्टिम नसलेली) स्लाइस देताना असतो : ती शून्य सिलिंडरपासून, म्हणजे डिस्कच्या अगदी आरंभापासून सुरू होत असेल, तर डेटाबेस लेबलवरच लिहू शकतो. यूएफएस ती जागा सोडून देते, म्हणून एरवी ही अडचण जाणवत नाही.

अल्ट्रा ५ हे १९९८ मधील यंत्र आहे, त्यामुळे त्यातील एनव्हीरॅमची (यंत्राच्या मूळ नोंदी जपणाऱ्या स्मृतीची) बॅटरी संपलेली असण्याची शक्यता मोठी आहे. घड्याळ चुकत असेल किंवा इथरनेट पत्ता सगळा ‘एफएफ’ दिसत असेल, तर तेच कारण समजावे. अशा वेळी ‘बूट-डिव्हाइस’ची (कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे याची) आपण ठरवलेली नोंदही टिकत नाही, म्हणून ती ‘प्रिंटएन्व्ह’ या आज्ञेने पाहून घ्यावी. यंत्र सुरू झाले की स्लाइसचा तक्ता दाखवणाऱ्या ‘पीआरटीव्हीटॉक’ या आज्ञेचे आउटपुट दुसऱ्या संगणकावर जपून ठेवावे. पुढे लेबल बिघडलेच, तर ‘एफएमटीहार्ड’ हा प्रोग्रॅम त्याच नोंदीवरून स्लाइसचा तक्ता पुन्हा लिहू शकतो.