हाडखाऊ अळी, किडा की कृमी?

प्रश्न असा होता की समुद्राच्या तळाशी व्हेलच्या हाडांवर जगणाऱ्या ओसेडॅक्सला मराठीत हाडखाऊ अळी म्हणायचं, किडा म्हणायचं की जंत? माझं मत 'हाडखाऊ कृमी'.

अळी म्हणजे फुलपाखरासारख्या कीटकाची लहानपणाची अवस्था, पुढे तिचं काहीतरी वेगळं होणार हे त्या शब्दातच आलं, आणि ओसेडॅक्सची मादी तर पूर्ण वाढलेला प्राणी आहे. किडा म्हटलं की सहा पाय डोळ्यासमोर येतात. जंत पोटातले. कृमी हा शब्द मात्र चपटकृमी, गोलकृमी असा शाळेच्या पुस्तकातून ओळखीचा आहे. आता कोणी म्हणेल की हा तर गांडूळ आणि जळूच्या संघातला, वलयी प्राणी, मग कृमी कसा? पण कृमी हे काही एका संघाचं नाव नाही, लांबट मऊ अंगाच्या बिनपायाच्या प्राण्यांना सरसकट वापरतात, त्यामुळे चालतं.

वलयी हे तरी कुठे सहज ठरलं! २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरे बेमध्ये जवळपास २९०० मीटर खोल, रिमोटवर चालणाऱ्या पाणबुडीला ग्रे व्हेलच्या सांगाड्यावर हे लाल तुरे दिसले. तोंड नाही, आतडं नाही, खाली हाडात घुसलेली हिरवट मुळं, अशा प्राण्याला कुठल्या खणात टाकणार? मग डीएनए बघितला तेव्हा कळलं की समुद्रतळाच्या गरम झऱ्यांपाशी राहणाऱ्या मोठ्या नळीकृमींचे हे नातेवाईक, सिबोग्लिनिडी कुळातले. गंमत म्हणजे त्या नळीकृमींनाही आधी स्वतंत्र संघ दिलेला होता, तो मोडून त्यांना वलयी प्राण्यांत आणलं. २००४ मध्ये ओसेडॅक्सच्या पहिल्या 2 जातींचं वर्णन छापून आलं, लॅटिनमध्ये नावाचा अर्थच हाड खाणारा.

तोंडच नाही तर 'खाऊ' कसं, हा आक्षेप रास्त आहे. मुळं आम्ल सोडून हाड विरघळवतात, आतलं कोलॅजेन हे प्रथिन आणि चरबी मिळते, आणि पोषणाला मुळांतले जिवाणू मदत करतात. तरी हाड संपतंच ना, म्हणून खाऊ राहू दे, हाडविरघळवी कोण म्हणणार!

नर मात्र फार विलक्षण. बहुतेक जातींत ते सूक्ष्म असतात, मादीच्या नळीत डझनांनी राहतात आणि जन्मभर डिंभकाच्याच, म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्याच, रूपात राहतात, म्हणजे अळीच्या जवळ जाणारं कोणी असेल तर ते हे नर.

आणि नावात व्हेल घालू नका प्लीज. प्रयोगासाठी ठेवलेल्या गायीच्या आणि माशांच्या हाडांवरही हे वाढलेत, शिवाय सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या प्लेसिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या हाडात यांनी पाडलेली भोकं सापडलीत, तेव्हा व्हेल जन्मालाही आले नव्हते.