शेवटच्या बॉक्समधला रस

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बाबांचं म्हणणं, 'माल चोख निघाला की झालं, कागद काय भट्टीत घालायचेत?' आणि तुझं म्हणणं, पद्धत नीट बसली की माल आपोआप चोख निघतो. दोघांच्या भांडणात मला पंच नेमलंस. चाळीस वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, वाळूच्या साच्यांत लोखंड ओतायच्या फाउंड्रीत, वाळू खाल्लीय, तेव्हा सांगतो. पण निकाल दोघांनाही अर्धाच आवडेल.

आधी माझी एक फजिती ऐक. पुण्याच्या एका ग्राहकासाठी आम्ही एसजी आयर्नचे, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाचे, ब्रॅकेट ओतायचो. तुला ठाऊक आहेच, लोखंडाच्या रसात मॅग्नेशियम गेलं की ग्रॅफाइटचे पापुद्रे न होता गोळ्या होतात आणि लोखंडाचा ठिसूळपणा जातो. पण मॅग्नेशियम उकळतं १०९० अंशांच्या आसपास, आणि आपला रस असतो १४०० च्या वर. म्हणजे आत पडल्या क्षणापासून ते पळायच्याच तयारीत. आठ-दहा मिनिटांत लेडल, म्हणजे रसाची बादली, रिकामं व्हायला हवं. त्या दिवशी क्रेन मध्येच अडकली आणि लेडल लटकत राहिलं. क्रेन सुटल्यावर साचे भरणारा मोल्डर म्हणाला, "साहेब, रस अजून गरम आहे, साच्यांचे चारच बॉक्स राहिलेत." मी म्हणालो, ओत. एवढा रस परत भट्टीत टाकणं माझ्या जिवावर आलं.

कास्टिंग देखणी निघाली. वजन बरोबर, मापं बरोबर, एक ब्लोहोल (हवेचं छिद्र) नाही. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला, त्यातही गोळ्या छान गोल. का नसणार? नमुना आम्ही लेडलच्या पहिल्या रसातून घेतला होता! बिघाड शेवटच्या बॉक्समध्ये होता आणि आम्ही पहिला तपासून खूश.

महिनाभरानं बोल्ट आवळताना दोन ब्रॅकेट तडकले आणि सहाशे नगांचा लॉट ट्रकनं परत आला. त्यातले खराब फार तर चाळीस असतील. पण कुठले चाळीस? कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे नग कुठल्या रसातून ओतला ते सांगणारा आकडा, उमटवायचा आम्ही आळस केला होता. हातोडीनं ठोकून आवाजावरून निवडून देतो म्हटलं (चांगलं एसजी खणखणतं, बिघडलेलं बद्द वाजतं), ग्राहक ऐकेना. सहाशेच्या सहाशे भट्टीत गेले.

तेव्हा बाबांना हे सांग: माल चोख दिसणं वेगळं आणि चोख असणं वेगळं. कास्टिंग मुकं असतं. पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि फोडून बघितलं की विकता येत नाही. वेल्डिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, सगळ्यांची हीच गत. ऑडिटवाले अशा कामांना 'स्पेशल प्रोसेस' म्हणतात. तिथे ग्राहक तुझा माल विकत घेतच नाही म्हण ना. तो तुझी आठ मिनिटं विकत घेतो.

आता तुझा कान. तू चौदा फॉर्मॅट छापून शॉपवर लावलेस म्हणे. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, चेकलिस्ट कशाला? बर (कडेला उरलेली धार) राहिली तर आंधळ्यालाही बोटानं कळते. रंगाचा ओघळ दिसतो, माप गेजवर कळतं. जो दोष नंतर डोळ्यांना दिसतो, तिथे माणसाला त्याच्या हातानं काम करू दे आणि शेवटी माल बघ. जो लपतो, तिथेच हट्ट धर. तुझ्याकडे असे चार-पाचच टप्पे निघतील: वाळूतला ओलावा, रसाचं तापमान, मॅग्नेशियम घातल्यापासूनची मिनिटं, शेवटच्या रसाचा नमुना, हीट नंबर. बाकीचे कागद काढून टाक. चौदा रकाने दिलेस की महिनाअखेरीला एकाच पेनानं, एकाच हातानं, तीस दिवस भरलेले सापडतील. आयएसओ ९००१ सन १९८७ मध्ये आलं. तेव्हापासून भिंतीवर प्रमाणपत्र आणि कोपऱ्यात रिजेक्शनचा ढीग असे कारखाने मी कमी पाहिले नाहीत. एका ठिकाणी तर तो ढीग प्रमाणपत्राच्या बरोबर खाली होता. असो.

आणखी एक गोष्ट पद्धत कधीच सांगणार नाही. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेतीपंपांची ऑइल इंजिनं बनायची, कसबी हातांनी. मळ्यामळ्यांत वीज पोचली तशी त्यांची मागणी ओसरली. त्या कारागिरांचं काय चुकलं? पद्धतीत काहीच नाही. जे वाचले ते मोटारींच्या सुट्या भागांकडे वळले. बाजार काय मागतो ते बघायला शॉपबाहेर पडावं लागतं, आणि त्यात बाबा तुझ्या कैक पावलं पुढे आहेत.

म्हणून त्यांना फॉर्म भरायला लावू नकोस. उद्या सकाळी मिक्सरपाशी त्यांना वाळूची मूठ दाबायला सांग. ते "बरी आहे" किंवा "पाणी जास्त झालंय" म्हणतील, त्याच क्षणी तू ओलावा मोजून आकडा लिहून ठेव. महिनाभर रोज. मग त्यांची मूठ कुठल्या आकड्याला "बरी" म्हणते ते कळेल, आणि तीच तुझी मर्यादा. पुस्तकातली चिकटवू नकोस. तुझं बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) वेगळं, मिक्सर वेगळा.

पण हे मे महिन्यात उरकून घे. जूनमध्ये वाळू वेगळीच वागायला लागते, आणि तेव्हा बाबांकडे मूठ दाबायलाही वेळ नसतो.

तुझा,
काका