भावाला टीबीच्या गोळ्यांनी कावीळ झाली होती. मलाही होईल का? जीन टेस्ट करावी का?

भाऊ, तुम्ही शहाद्याचे, वजन 52 किलो, गोळ्या परवा सुरू होणार आणि मोठ्या भावाला याच गोळ्यांनी कावीळ झालेली. धोका थोडा वाढतो, पण भावाला झाली म्हणजे तुम्हाला होणारच असं नाही. जीन टेस्टच्या मागे लागू नका, असं माझं मत. कारण सांगतो.

चारपैकी तीन औषधं यकृताला त्रास देऊ शकतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड. आनुवंशिकतेचा पक्का धागा सापडलाय तो आयसोनियाझिडशी. नॅट-2 नावाचं एन्झाइम त्याचा निचरा करतं. आई-वडील दोघांकडून या एन्झाइमच्या जीनची संथ प्रत आली, तर माणूस 'संथ' ठरतो: औषध रक्तात जास्त वेळ राहतं आणि त्यापासून बनणारी हायड्रॅझिनसारखी विषारी द्रव्यं साचतात. तुमचा मोठा भाऊ संथ असेल आणि आई-वडिलांकडे एकेकच संथ प्रत असेल, तर तुम्ही संथ असण्याची शक्यता चारात एक. आई-वडील दोघंही संथ असतील तर तुम्हीही नक्की संथ. पण भारतात निम्म्याच्या आसपास माणसं संथच आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचा कोर्स बिनबोभाट पुरा होतो. शिवाय भावाला पायराझिनामाइडने झाली असेल, तर नॅट-2 चा रिपोर्ट काहीच सांगणार नाही. सीवायपी2ई1, जीएसटीएम1 ही दुसऱ्या जीनची नावंही वाचायला मिळतील. त्यांचे निष्कर्ष अभ्यासागणिक बदलतात.

जपानमध्ये जीन पाहून संथ रुग्णांचा आयसोनियाझिडचा डोस निम्मा केला, तेव्हा यकृताचा त्रास टळला होता. आपल्या सरकारी गोळीत मात्र चारही औषधं एकत्र असतात: आयसोनियाझिड 75, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि चौथं इथॅम्ब्युटॉल 275 मिग्रॅ. तुमच्या वजनाला रोज चार गोळ्या. त्यातलं एकच औषध कमी करता येत नाही, आणि मनाने गोळी कमी केली तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

म्हणून पहिली गोळी घेण्याआधी एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करा, सोबत हिपॅटायटिस बी आणि सी. भावाचं डॉक्टरांना आधीच सांगा. पहिले दोन महिने जास्त जोखमीचे. तेव्हा दर दोन आठवड्यांनी एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) पाहावं. मळमळ, उलटी, भूक मेलेली असताना ते नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेलं, किंवा त्रास नसतानाही पाचपटीवर गेलं, तर गोळ्या थांबवतात. डोळे पिवळे किंवा लघवी गर्द झाली तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. एसजीपीटी दुपटीखाली आलं की डॉक्टर एकेक औषध काही दिवसांच्या अंतराने परत सुरू करतात, बहुधा रिफाम्पिसिन आधी. कावीळ जोरात झालेली असेल तर पायराझिनामाइड वगळून कोर्स नऊ महिन्यांचा करतात.

तुमच्या शहाद्याकडच्या सातपुड्याच्या पट्ट्यात आणखी एक घोळ होतो. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, आणि त्यात तांबड्या पेशी फुटूनच डोळे पिवळे दिसतात. तेव्हा इनडायरेक्ट बिलीरुबिन (पेशी फुटून तयार होणारं पिवळं द्रव्य) वाढतं, एसजीपीटी जवळपास नॉर्मल राहतं. अशा वेळी टीबीच्या गोळ्या उगाच बंद होतात. तुमची सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर एलएफटीबरोबरच करून घ्या.

मोहाची असो की दुकानातली, दारू कोर्स संपेपर्यंत पूर्ण बंद. अंगदुखीला पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच. आणि कावीळ उतरवायला कुणी पाला दिला तर घेऊ नका. काही झाडपाल्याची औषधं स्वतःच यकृत बिघडवतात, मग नेमकं कशाने बिघडलं ते डॉक्टरांनाही कळत नाही.