संस्कृत येत नसेल तर योगसूत्रं समजून कशी घ्यावीत?

प्रश्न असा आहे: "योगशिक्षकाच्या परीक्षेला बसतोय. शाळेतलं संस्कृत विसरलोय. योगसूत्रं नुसती पाठ करू की खरंच समजतील? किती दिवस लागतील? योग म्हणजे जोडणे, एवढं कळलंय."

ते शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर न देता पुढे गेले असते. 'योग म्हणजे जोडणे' हे शिबिराच्या पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितात. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींपुरतं ते चूक आहे. या वाक्यावरून मी आजवर बऱ्याच जणांशी भांडले आहे, म्हणून आधी तेच.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, 'युज्' दोन आहेत. सातव्या गणातला 'युजिर् योगे' म्हणजे जोडणे, आणि चौथ्या गणातला 'युज समाधौ' म्हणजे चित्त एकाग्र होणे (गण म्हणजे धातूंचा गट). पहिल्याच सूत्रावर व्यासभाष्य, म्हणजे सूत्रांवरची व्यासांची जुनी टीका, म्हणतं, 'योगः समाधिः'. त्या भाष्यावर टीका लिहिणारे वाचस्पतिमिश्र स्पष्टच सांगतात की इथे समाधीवाला धातू घ्यायचा, जोडण्याचा नाही. व्याकरणाचा कंटाळा असेल तर 2.17 (दुसरा पाद म्हणजे भाग, सतरावं सूत्र) उघडा: 'द्रष्टृदृश्ययोः संयोगो हेयहेतुः'. पाहणारा आणि जे दिसतं ते, या दोघांचा संयोग हेच दुःखाचं मूळ. 2.25 मध्ये तो संयोग सुटला की कैवल्य, म्हणजे पाहणाऱ्याचं एकटं, मोकळं असणं. म्हणजे इथे जोड हाच रोग आहे! भोजराजाने तर सूत्रांवरच्या आपल्या टीकेच्या मंगलाचरणातच पुरुष (पाहणारा) आणि प्रकृती (दिसणारं सगळं) यांच्या वियोगाला योग म्हटलंय. गीतेतही 6.23 ला 'दुःखसंयोगवियोगं योगसंज्ञितम्' आहेच.

यावर ठरलेलं उत्तर येतं की शब्दांचा कीस कशाला, अर्थ एकच. एकच कसा? जोडायचं म्हटलं की श्वास आणि हालचाल जुळवण्यात तास जातो. सोडवायचं म्हटलं की 'हा राग माझा' यातला 'माझा' कुठून आला ते बघावं लागतं. बसण्याची पद्धतच बदलते.

हे कळायला सांख्याची, म्हणजे योगसूत्रं ज्या दर्शनावर उभी आहेत त्याची, 25 तत्त्वं आधी पाठ हवीत: पुरुष, प्रकृती, बुद्धी, अहंकार, मन, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच तन्मात्रा (शब्द, स्पर्श वगैरेंची सूक्ष्म रूपं), पाच महाभूतं. यात पुरुष सोडून सगळं जड, म्हणजे स्वतःची जाणीव नसलेलं, बुद्धीसुद्धा. चित्त जड आहे हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी सूत्रं आपोआप सरळ होतात. नाही बसलं तर 'आत्मा म्हणजे शांत मन' असलं काहीतरी परीक्षेत लिहून याल.

आता संस्कृतचं. मराठी माणसाची अडचण संस्कृत न येणं ही नाहीच. शब्द ओळखीचे वाटतात, तिथे तो फसतो. मराठीत विकल्प म्हणजे पर्याय. 1.9 मध्ये विकल्प म्हणजे नुसत्या शब्दावर उभं राहिलेलं, खाली वस्तूच नसलेलं ज्ञान. अनुमान म्हणजे आपल्याकडे अंदाज. तिथे ते प्रमाण, म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याचं साधन आहे, धुरावरून अग्नी ओळखावा तसं. या प्रमाणाचा अर्थ आपल्याकडे मापही होतो, तो इथे नाही. प्रत्यय म्हणजे आपण 'अनुभव आला' म्हणतो. सूत्रात चित्तात त्या क्षणी जे उमटलंय ते. आशय म्हणजे मजकूर नव्हे, कर्माचा साठा. आणि सगळ्यात जास्त गोंधळ 'संयम'चा. 3.4 मध्ये धारणा, ध्यान, समाधी हे तिन्ही एकाच विषयावर लावणं म्हणजे संयम. जिभेवर ताबा ठेवण्याशी त्याचा संबंध नाही. वहीचं शेवटचं पान अशा शब्दांसाठी राखून ठेवा.

वहीत सूत्र लिहा, खाली पदं सुटी करा, समास सोडवा (1.2 च्या 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः' मध्ये चित्तस्य वृत्तयः, तासां निरोधः, म्हणजे चित्ताच्या हालचाली थांबणं), मग आधीच्या सूत्रातलं कोणतं पद इथे धरायचं ते लिहा. 1.12 मधलं ('अभ्यासवैराग्याभ्यां तन्निरोधः') 'तत्' म्हणजे 1.5 पासूनच्या पाच वृत्ती, हे न बघता ते सूत्र सुविचारासारखं भिंतीवर लावतात. त्यानंतरच भाष्य उघडा. भाष्य सूत्रात *नसलेला* शब्दही दाखवून देतं. 1.2 मध्ये 'सर्व' म्हटलेलं नाही, म्हणून संप्रज्ञात समाधी (जिच्यात चित्तासमोर एक विषय उरतो ती) सुद्धा योगच, असं व्यास सांगतात. 'सगळे विचार बंद करा' म्हणणाऱ्यांनी ही ओळ वाचलेली नसते.

सुरुवात पहिल्या पादापासून करू नका. 1.17 नंतर सवितर्का, निर्विचारा वगैरे समापत्ती (चित्त विषयाशी एकरूप होण्याचे प्रकार) येतात आणि बहुतेक जण तिथेच पुस्तक मिटतात. आधी 2.1 ते 2.27, मग 1.1 ते 1.16, मग 2.28 पासून 3.8 पर्यंत. सिद्धी, म्हणजे अलौकिक शक्तींची सूत्रं, शेवटी. आसनावर मोजून तीन सूत्रं आहेत (2.46 ते 2.48), ती एका दिवसात होतात. तुमच्या प्रतीत तिसऱ्या पादात 55 सूत्रं आहेत की 56 हे आधी बघा. काही प्रतींत 3.21 नंतर एक सूत्र जास्त असतं आणि पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात. परीक्षेत क्रमांक चुकतात ते यामुळे.

किती दिवस? रोज एक धरलं तर साडेसहा महिने. परीक्षा त्याआधी असेल तर दुसरा पाद तेवढा नीट करा.

एक मात्र कबूल करते. योगयाज्ञवल्क्य या ग्रंथात 'संयोगो योग इत्युक्तो जीवात्मपरमात्मनोः' (जीवात्मा-परमात्म्याचा संयोग म्हणजे योग) असं सरळ म्हटलंय, आणि हठयोगाचा ग्रंथ हठप्रदीपिकाही चौथ्या उपदेशात (प्रकरणात) जीवात्मा-परमात्म्याच्या ऐक्याला समाधी म्हणते. तेव्हा फळ्यावरचं वाक्य निराधार नाही, फक्त ते पतंजलींच्या नावावर खपवू नका. उत्तरपत्रिकेत दोन्ही अर्थ ग्रंथाच्या नावानिशी लिहा. तरीही मार्क कापले तर पेपर परत तपासायला द्या आणि सोबत 2.17 जोडा.